चार अंश

माझ्याइतकी नकोशी पाहुणी या शहरात शोधून सापडायची नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. मी अन्न निरीक्षक आहे. मी दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की आत एकदम नळ सोडल्याचे आवाज येतात. केस टोपीत जातात, मांजर मागच्या दाराने जातं, आणि इतका वेळ काउंटरवर लोळत पडलेलं ओलं फडकं कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं. वीस वर्षांत मी कुठल्या दुकानात घोटभर पाणीसुद्धा घेतलेलं नाही. माझ्या नाकावर माशी बसत नाही, आणि लोकांच्या बिस्किटांवर बसलेलीही मला चालत नाही.

माझं हत्यार एकच. वीतभर लांब सुईचा थर्मामीटर, वर घड्याळासारखी गोल तबकडी आणि तिच्यावर एक काटा. थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली हवा, गरम पदार्थ साठच्या वर हवा. मधल्या जागेत जंतूंचं माहेरपण चालतं. सुई खुपसायची, काटा थांबेपर्यंत थांबायचं, आणि तो म्हणेल ते लिहायचं. दुकानदार काय म्हणतो ते ऐकत बसायचं नाही. दुकानदार नेहमीच काहीतरी म्हणतो. फ्रीजचं दार आत्ताच उघडलं होतं, वीज गेली होती, मेव्हणा आला होता. वीस वर्षांत मी इतके मेव्हणे ऐकलेत की मला त्यांचा कंटाळा आलाय.

या काट्याची परीक्षा मी दर सोमवारी सकाळी घरी घेते. घरी, कारण ऑफिसच्या फ्रीजरमध्ये लोकांच्या दुकानांतले नमुने असतात आणि तिथला बर्फ मी शत्रूलाही देणार नाही. काचेचा पेला बर्फाच्या चुऱ्याने भरायचा, वर थोडं पाणी, त्यात सुई. बर्फाच्या पाण्यात काटा शून्यावर यायलाच हवा. नाही आला तर तबकडीखाली एक लहान नट असतो, तो पान्याने फिरवून काटा शून्यावर आणायचा. आमच्या खात्यात हे दर सोमवारी न चुकता करणारी मी एकटीच. म्हणून तर साहेबांनी पुढच्या महिन्यात नव्या निरीक्षकांना शिकवायचं काम मला दिलं होतं. विषय होता, थर्मामीटर कसा तपासावा. आत्याला हे माझं तीनदा सांगून झालं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती महिनाभरासाठी माझ्याकडे आली होती, आणि पहिल्या दिवसापासून तिने माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. ती बोलते फार. चहा गाळताना सुरू होते ती मी चपला घालेपर्यंत. मी एका ठरावीक अंतराने "हं" म्हणते. आमचं दोघींचं त्यावर छान चाललं होतं.

त्या सोमवारी बर्फात सुई धरली तर काटा शून्याच्याही चार अंश खाली गेला. मी म्हटलं, आला का राग बाळाला! आदल्या आठवड्यात तो माझ्या हातून फरशीवर पडला होता, त्याचाच हा परिणाम. पाना घेतला, नट फिरवला, काटा शून्यावर आणला. मागे आत्या काहीतरी बोलत होती. मी "हं" म्हटलं आणि निघाले.

आणि तो आठवडा असा काही गेला की विचारू नका. खाटकाचा फ्रीज आठ अंश. मासळीवाल्याचा नऊ. दोन भाऊ मिळून चालवतात त्या किराणा दुकानाचा पुन्हा आठ, आणि भावाभावांत तिथेच जुंपली की फ्रीजचा गॅस कुणी भरून घ्यायचा होता. चार दिवसांत नऊ दुकानं तपासली, त्यांतल्या सातांच्या खिडकीतलं हिरवं कार्ड काढून मी पिवळं लावलं. हिरवं म्हणजे सगळं ठीक. पिवळं म्हणजे दोष सापडला, आता आठ दिवसांनी फेरतपासणी. शहराला झालंय तरी काय, असं मला वाटत होतं, आणि मी नसते तर या लोकांचं काय झालं असतं, असंही वाटत होतं. दुसरं जरा जास्तच.

पास झालेल्या दोघांत एक होता पाववाला, ज्याच्याकडे फ्रीजच नाही. दुसरा सूपवाला. त्याच्या पातेल्यात सुई घातली तर काटा एकसष्टवर. मी चक्क त्याचं कौतुक केलं. "ताई, तुमच्यासारख्या माणसांमुळेच आम्ही सरळ राहतो," तो म्हणाला. मी ते बोलणं ऐकून घेतलं. बघा, गोड असलं की ऐकू येतं.

बुधवारी मी लोणीबाईंच्या दुकानात गेले. त्यांचं खरं नाव कागदावर असतं, पण सगळी गल्ली त्यांना लोणीबाईच म्हणते. दूध, लोणी, क्रीम आणि रात्रभर फडक्यात टांगून केलेलं ताजं चीज. पांढऱ्या टाइल्सचं लहानसं दुकान, इतकं लख्ख की आपल्याच बुटांची लाज वाटावी. एकोणीस वर्षं त्यांच्या खिडकीत हिरवं कार्ड होतं. जुनी कार्डंही त्यांनी टाकली नव्हती, एका खिळ्याला टोचून ठेवली होती.

मी क्रीमच्या बादलीत सुई घातली. काटा आठवर थांबला.

"आठ?" लोणीबाई म्हणाल्या. "असं कसं होईल, मॅडम? माझ्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे, मी दिवसातून चारदा बघते. हा बघा, चार."

"तुमचा बिघडलाय."

"तुमचा बिघडला असेल."

माझ्या वीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, माझा काटा सोमवारी सकाळीच बर्फात तपासलाय. तुमचा कधी तपासला होता?"

त्यांनी आपल्या फ्रीजमधल्या काट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चार अंशांचाच तर फरक आहे."

"चार अंशांनी माणसं आजारी पडतात," मी म्हटलं. "किती वेळ फ्रीज गरम होता, सांगता येईल?"

"गरम नव्हताच, तर किती वेळ ते काय सांगू?"

सांगता येत नसेल तर माल टाकायचा, असा नियम आहे. लोण्याला मी हात लावला नाही, ते नियमात बसत नव्हतं. दूध तोवर खपलं होतं. पण क्रीमच्या दोन बादल्या आणि चीजचे सगळे गोळे मी बाहेर ओट्यावर काढायला लावले आणि वर निळा रंग ओतला. टाकलेला माल पुन्हा कुणी विकू नये म्हणून आम्ही तो रंग ओततो. पांढऱ्या क्रीमवर तो फार वाईट दिसतो. अख्खी गल्ली बघत होती. लोणीबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. खिडकीतलं हिरवं कार्ड त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिलं.

"शुक्रवारी दहा वाजता प्रसूतिगृहाच्या कोठीवरच्या बाई येणार आहेत," त्या म्हणाल्या. "वर्षाचं दूध आणि चीज ठरायचंय. पिवळं कार्ड दिसलं तर पायरीवरूनच परत जातील. माझं अर्ध्याहून जास्त दूध तिथे जातं, मॅडम. ते गेलं तर शटर ओढायचं तेवढं उरतं."

"फेरतपासणी आठ दिवसांनी," मी म्हटलं आणि पिवळं कार्ड लावून निघाले. मनात म्हटलं, हाही एक मेव्हणाच.

गुरुवारी दुपारी लवकर घरी आले. उकडत होतं. कॉफी करून ठेवलेली होती, फ्रीजरमधला वरचा ट्रे काढला, चार खडे पेल्यात टाकले आणि एक मोठा घोट घेतला.

तो मी थेट मोरीत थुंकला.

"आत्या! कॉफीत मीठ घातलंस?"

"कॉफीत कशाला घालीन? वेड लागलंय का मला?" आत्या बाहेरून म्हणाली. ती खुर्चीवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बर्फ. "वरच्या ट्रेचा बर्फ घेतलास वाटतं. तो माझा आहे. मिठाच्या पाण्याचा बर्फ दगडासारखा होत नाही, भुसभुशीत राहतो, गुडघ्याला छान बसतो. मूठ मूठ मीठ घालते मी. वरचा ट्रे माझा, खालचा तुझा. तुला सोमवारी सांगितलं होतं. दोनदा!"

"मग मी काय म्हटलं?"

"तू 'हं' म्हणालीस."

मी तिथेच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. खारट बर्फ साध्या बर्फापेक्षा जास्त थंड असतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. माझा काटा सोमवारी शून्याखाली चार दाखवत होता, कारण पेल्यात खरोखरच शून्याखाली चार होते. तो खरं बोलत होता, आणि मी त्याचा कान पिळून त्याला खोटं बोलायला लावलं होतं. तेव्हापासून तो सगळीकडे चार अंश जास्त सांगत फिरत होता. लोणीबाईंचा फ्रीज चारच होता.

मग दुसरं सुचलं. थंडाला चार जास्त, तर गरमालाही चार जास्तच. सूपवाल्याचं एकसष्ट म्हणजे सत्तावन्न! ज्याचं कार्ड काढायचं त्याला मी शाबासकी देऊन आले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि फाशी देणारी मी.

खालच्या ट्रेचा बर्फ घेतला. आधी चाखला. मग पेला, पाणी, सुई. काटा चारवर थांबला. मी पान्याने नट मागे फिरवला. आत्या दारात येऊन उभी होती.

"माझ्यामुळे झालं का गं काही?" तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच मधे एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "तुला काही सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मी तुझ्या बापालाही म्हणायची. जाऊ दे. मीठ तर खाल्लंस, आता खाल्ल्या मिठाला जाग."

शुक्रवारी ऑफिस उघडायच्या आधी मी साहेबांच्या दारात होते. साहेब चांगले गृहस्थ आहेत. त्यांना कुठलाच कागद आवडत नाही, आणि ज्यात चूक कबूल केलीय असा कागद तर मुळीच नाही.

"आठ दिवसांनी फेरतपासणी होतेच आहे," ते म्हणाले. "तेव्हा देऊन टाका हिरवी. ना बोभाटा, ना काही. लिहून कशाला द्यायचं?"

"एका बाईंना आज दहाच्या आत हवंय, साहेब. आणि सूपवाला आठ दिवस कोमट सूप पाजत बसेल त्याचं काय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिहिलंत तर ते शिकवण्याचं काम तुम्हाला देता येणार नाही. थर्मामीटर कसा तपासावा, हे तुम्ही कसं सांगणार?"

हे मला रात्रीच कळून चुकलं होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकताना झोंबलं. मी म्हटलं, "नका देऊ." मग साहेबांनीच मजकूर सांगितला, "उपकरणातील त्रुटीमुळे नोंदींमध्ये तफावत आढळून आली." आमच्या खात्यात चूक कुणी करत नाही, ती आढळून येते. मी तसंच लिहिलं, त्यांनी सही केली, आणि मी हिरवं कार्ड घेऊन धावत सुटले. पन्नाशीची बाई थर्मामीटर हातात घेऊन रस्त्याने पळतेय हे पाहून चार दुकानांत नळ सुटले असणार.

दहाला दहा मिनिटं कमी असताना मी लोणीबाईंच्या दुकानात शिरले. ओटा घासला होता, तरी टाइल्सच्या फटींत निळं अजून दिसत होतं. मी पिवळं कार्ड काढलं, हिरवं लावलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे माझा बिघडला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," मी म्हणाले.

एवढ्यात कोठीच्या बाई आल्या. उंच, इस्त्रीच्या कपड्यांतल्या, काखेत फाइल. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग ओट्यावरच्या निळ्याकडे, मग माझ्याकडे.

"बुधवारी इथे पिवळं होतं," त्या म्हणाल्या. "क्रीम ओतून दिलं तेही मला कळलंय. आज हिरवं. मधे आठ दिवस जावे लागतात, एवढं मलाही माहीत आहे. कोणाची ओळख निघाली?"

लोणीबाईंचा चेहरा पडला. मी घाईने कागद पुढे केला. कोठीच्या बाईंनी तो वाचला आणि परत दिला.

"उपकरणात त्रुटी. म्हणजे तुमचा थर्मामीटर बिघडलाय. मग तो बुधवारी चुकला तसा आज चुकला नसेल कशावरून? माझ्याकडे आठ आठ दिवसांची बाळं आणि त्यांच्या आया आहेत. बिघडलेल्या काट्यावरचं हिरवं कार्ड मी धरणार नाही." आणि त्या वळल्या. पायरीवरून परत जाऊ लागल्या, लोणीबाई म्हणाल्या होत्या अगदी तशाच.

बाईंचं बोलणं सोळा आणे खरं होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि तेही जास्त फटकळपणे. दोष काट्यावर ढकलला की हिरवं कार्डही त्याच्याबरोबर बुडत होतं.

"थांबा," मी म्हटलं. "काटा बिघडलेला नव्हता. बिघडवला मी."

मी लोणीबाईंकडे बर्फ मागितला. त्यांनी पेलाभर आणला. एक खडा मी तोंडात टाकला आणि एक कोठीच्या बाईंपुढे केला. "चाखा. साधा आहे ना? सोमवारी मी चाखला नाही. माझ्या घरी मिठाचा बर्फ होता, मला ते दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याच बर्फात मी हा काटा लावला. मग इथे येऊन या बाईंनी सांगितलं, तेही ऐकलं नाही. आता दोन्ही थर्मामीटर एका पेल्यात घालते, तुम्हीच बघा."

तिघी त्या पेल्यावर वाकलो. लोणीबाईंचा काटा जुना, काच चिरलेली. तो हळूहळू उतरला आणि शून्यावर थांबला. माझाही थांबला. मग दोन्ही फ्रीजमध्ये ठेवले. चार आणि चार.

कोठीच्या बाईंनी दोन्ही काटे पुन्हा एकदा निरखले. मग म्हणाल्या, "आत्ता बोललात ते कागदावर द्या. हे त्रुटी-बिटी नको."

मी कागद पालटला आणि मागे सरळ लिहिलं, "या दुकानाचा माल चांगला होता. थर्मामीटरही चांगला होता. मी तो चुकीच्या बर्फात लावला. चूक माझी." खाली सही केली, हुद्दा लिहिला. वीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेलं हे माझं सर्वांत लहान टिपण. कोठीच्या बाईंनी ते वाचलं, फाइल काउंटरवर उघडली आणि लोणीबाईंना म्हणाल्या, "सोमवारपासून चीज थोडं वाढवून हवंय. जमेल?"

लोणीबाई जमेल म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आलं. मी फ्रीजचं रबर तपासायला खाली वाकले.

तिथून सूपवाल्याकडे. काटा सत्तावन्नवर. पिवळं कार्ड पाहून तो हादरलाच. "ताई, सोमवारी तर शाबासकी दिलीत! आणि चार अंशांनी काय आभाळ कोसळतं?"

"कोसळतं," मी म्हटलं. "माझ्यावर कालच कोसळलं." त्याला काही कळलं नाही, पण त्याने गॅस मोठा केला. संध्याकाळपर्यंत बाकीची सहा दुकानं झाली. पाच हिरवी, आणि मासळीवाला खराखुरा पिवळा. मला भेटून त्याला तेवढं फार वाईट वाटलेलं दिसलं.

शिकवण्याचं काम दुसऱ्याला गेलं. आत्या बरी होऊन आपल्या घरी गेली. जाताना ट्रे रिकामा करून धुऊन ठेवला आणि मला तीन गोष्टी सांगितल्या. तिन्ही माझ्या लक्षात आहेत.

तीन महिन्यांनी मी लोणीबाईंकडे नेहमीच्या तपासणीला गेले. खिडकीत हिरवं कार्ड होतं आणि त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत माझं टिपण. चूक माझी, खाली माझी सही, हुद्द्यासकट. येणारा जाणारा वाचत होता.

"आता काढा की ते," मी म्हटलं. "झालं ना सगळं नीट?"

"कार्ड दरवर्षी बदलतं, मॅडम," लोणीबाई म्हणाल्या. "हे राहू दे. गिऱ्हाईक कार्डापेक्षा यावरच जास्त भरवसा ठेवतं."

मी क्रीमच्या बादलीत सुई घातली आणि काटा थांबायची वाट पाहू लागले. तो फिरत असतानाच मी विचारलं, "तुमचा काय म्हणतो?"